वर्षाराणी सायकलवरनं गेली

"दिवस मावळायच्या आत मी आजऱ्यात! आणि टेम्पोला हातसुद्धा न लावता!"

वर्षाराणी सरनोबतनं स्टाफरूममध्ये हे जाहीर केलं, तेव्हा पीटीच्या सरांच्या हातातला वडा चटणीतच थांबला. वर्षाराणी म्हणजे भूगोलाची बाई. पन्नाशीला टेकलेली. जिना चढताना तिचे गुडघे मुरमुऱ्याच्या पोत्यासारखे वाजत, ते खालच्या वर्गातल्या पोरांना ऐकू जायचं आणि पोरं वेळेत वह्या उघडायची. अशी बाई कोल्हापूर ते पणजी सायकलनं जाणार, आणि तेही पहिल्याच दिवशी आजरा गाठणार! सर हसले नाहीत, कारण पुढच्या ऑफ तासाची अदलाबदल तिच्याकडेच होती. पण त्यांनी वडा खाली ठेवला, एवढं खरं.

वर्षाराणीला मात्र खात्री होती. मुरगूडच्या शाळेत असताना सगळ्या गावात सायकलवर फिरणारी ती एकटी मुलगी होती. मग लग्न झालं, सायकल चुलतभावाला गेली आणि तिच्या वाट्याला आधी स्कूटरची मागची सीट आणि पुढं मोटारीची डावी सीट आली. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या पगारातनं सायकल घेतली आणि पहाटे रंकाळ्याला चकरा मारायला लागली. तिथं तिला आफशीन भेटली.

आफशीन मुल्लाणी ही फिजिओथेरपिस्ट. वय तिशीच्या आत, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की शिट्टीची गरज पडू नये. भुदरगड-आजऱ्याच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुली एसटी नाही म्हणून शाळा सोडतात, त्यांच्यासाठी सायकली गोळा करायच्या, म्हणून तिनं ही फेरी काढली होती. वाटेतल्या शाळांतून थांबत चार दिवसांत पणजी, मग रेल्वे नाहीतर गाडी मिळेल तसं परत. पिवळ्या टीशर्टातली वीसेक माणसं, मागं-पुढं एक टेम्पो.

घरी ही बातमी वर्षाराणीनं रीतसर दिली होती. एकदा नव्हे, चांगली पाच-सहा वेळा! नवऱ्याची, म्हणजे धैर्यशीलरावांची, शाहूपुरीत पाण्याच्या पंपांची पेढी. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घरी येईपर्यंत त्या माणसातलं पाणी संपलेलं असे. ती सांगायची, ते पेपरच्या मागून 'हं' म्हणायचे. पंचवीस वर्षांच्या संसारात या 'हं'चे तिनं प्रकार पाडले होते. होकाराचं, नकाराचं, आणि मीठ कमी आहे याचं. फेरीला मिळालेलं 'हं' तिनं होकारात धरलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं चार दिवसांच्या भाज्या करून फ्रीजमध्ये डब्यांत भरल्या. पहाटे सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, हातावर दही-साखर ठेवली. "पोहे खाऊन जा गं," असा लकडा लावला. पण आफशीननं पोट हलकं ठेवायला सांगितलं होतं, म्हणून वर्षाराणी एक केळ खाऊन निघाली. धैर्यशीलराव गाढ झोपेत होते.

फाटक लावताना तिला एकदम इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की तिनं दचकून मागं वळून बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना!

आता खरी गोष्ट सुरू होते ती आक्कांपासून. आक्कांना नुकताच व्हॉइस मेसेज टाकायला जमायला लागला होता. नातीच्या, म्हणजे वर्षाराणीच्या लेकीच्या, लग्नाच्या वेळी 'मोनाचं लग्न' नावाचा एक ग्रुप काढला होता. मोना लग्न होऊन जर्मनीला गेली तरी तो ग्रुप कुणी मोडला नव्हता, त्यामुळे सासर-माहेर दोन्हीकडची यच्चयावत मंडळी त्यात होती. सून गेल्यावर आक्का सोफ्यावर बसल्या, फोन पापडासारखा तोंडापुढं आडवा धरला आणि बोलल्या :

"आयका. आमची वर्षाराणी आज पाटंचं सायकल घिऊन घरातनं गेली. गोव्याला जातो म्हणाली. धैर्या झोपलाय, त्याला काय पत्ता न्हाय. लई सांगून बघितलं, माझा काय इलाज चालला न्हाय. कुणाच्या वाटंत दिसली, तर तेवढी थांबवा बाबांनो. उपाशीपोटी गेलीया पोरगी."

इलाज चालला नव्हता तो पोह्यांच्या बाबतीत. पण पोहे हा शब्द राहिलाच! मेसेज गेला. आक्कांनी फोन उशीखाली ठेवला आणि त्या शेजारणीबरोबर अंबाबाईला गेल्या. तिथनं परस्पर धाकट्या बहिणीकडं.

इकडं दसरा चौकात धुकं होतं. आफशीननं शिट्टी मारून दोन नियम सांगितले. "एक, सगळ्यांचे मोबाईल टेम्पोत! फोटो मी काढणार. दोन, बारापर्यंत गारगोटीला जो पोचणार न्हाय, त्यानं गुमान टेम्पोत बसायचं. काकी, ऐकलंसा न्हवं?"

सगळ्यांनी वर्षाराणीकडं बघितलं. वर्षाराणीनं हेल्मेटचा पट्टा ओढला.

कळंबा गेलं, कात्यायनीचा चढ गेला. वर्षाराणी सगळ्यात मागं होती, पण होती! उसाच्या ट्रॉल्या शेजारनं डुलत जात होत्या. एका ट्रॅक्टरवाल्यानं गाण्याचा आवाज कमी करून "लई भारी, मावशी!" म्हटलं, तेव्हा तिला पणजी समोर दिसायला लागली.

समोर दिसले ते आकाराममामा. इस्पुर्लीच्या फाट्यावर, भर रस्त्यात, दोन्ही हात पसरून. हे धैर्यशीलरावांचे सख्खे मामा, फेटा बांधणारे आणि एसटीसुद्धा हातानं थांबवणारे.

"वर्षाराणी! उतर खाली!"

मामा शुभेच्छा द्यायला आले म्हणून वर्षाराणीला भरून आलं. उतरून पाया पडली. पुढं गेलेली मंडळीही चहाच्या निमित्तानं थांबली.

"पाया पडणं ऱ्हाऊ दे," मामा आवाज खाली आणून म्हणाले. त्यांचा खाली आणलेला आवाज पलीकडच्या शेतात ऐकू जातो. "किती दिवसांपासनं हे मनात हुतं?"

"दोन वर्षं झाली की मामा."

"दोन वर्षं! आणि आमाला एका शब्दानं बोलली न्हाईस?"

"म्हटलं, आधी जमतंय का बघावं. रोज पहाटं थोडं थोडं बाहेर पडत हुतो. सवय लागली, मग धाडस केलं."

मामांनी फेटा सारखा केला. "धैर्यशीलला सांगितलंस?"

"सांगितलं की. पेपर वाचत हुते. हं म्हणाले."

"हं? बायको घरातनं जातो म्हणती, आणि हा गडी नुसता हं?"

"त्यांचं काय, मामा. ते असंच."

"परत कवा येणार?"

"जायचं ठरलंय. परतीचं अजून काय पक्कं न्हाय. तितं गेल्यावर बघायचं."

मामांनी पिवळ्या टीशर्टांकडं बघितलं. वीसेक माणसं, त्यात दोन डॉक्टर, एक वकील, एक निवृत्त फौजदार, सगळी फुर्र फुर्र चहा पीत होती. "आणि ही मंडळी?"

"ही बी माझ्यासारखीच. सगळी घरदार सोडून आल्यात," वर्षाराणी हसत म्हणाली. "ह्या आफशीननं तयार केलं आमाला. एकेकाला गाठून!"

मामांनी आफशीनकडं असं बघितलं की तिच्या हातातली शिट्टी आपोआप टीशर्टात गेली. मग ते बाजूला झाले. वर्षाराणीला वाटलं, म्हातारा भारावला! ती निघाली, आणि मामांनी खिशातनं फोन काढला.

बिद्रीला साखर कारखान्याच्या अलीकडं उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. गोड, करपट वास हवेत भरून राहिला होता. रांगेच्या कडेनं ती एकेक पायडल मारत चालली होती, तेवढ्यात तिचा चुलतभाऊ ज्ञानू पळत आला. इथंच ऊसतोडणीच्या टोळ्यांचं काम बघणारा, मिशी भरघोस, मन मेणाचं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, सायकल दे हिकडं. घरला चल. मुरगूडला सांगितलंय, माडीवरची खोली झाडून घ्यायला."

"अरे बाबा, आजचा मुक्काम आजऱ्याला हाय."

"आजऱ्यात कोन हाय तुजं?"

"कुणी न्हाय. हॉल हाय तितं, एका शाळेचा. खाली गाद्या टाकून झोपायचं सगळ्यांनी."

हे ऐकल्यावर ज्ञानूचा बांध फुटला. "आपल्या घरची लेक शाळंत गादी टाकून झोपणार? आमी काय मेलोय व्हय गं?" आणि तो खरंच रडायला लागला. बैलगाडीवाले, ट्रॅक्टरवाले सगळे माना लांब करून बघायला लागले. मग ज्ञानूनं नाक पुसलं, जवळ आला आणि कसंबसं विचारलं, "ताई... दाजींनी हात उचलला काय?"

वर्षाराणीनं ब्रेक दाबला. सायकल उभीच होती, तरी दाबला.

"काय म्हणालास?"

ज्ञानूनं फोन काढून आक्कांचा मेसेज लावला. वर्षाराणीनं तो एकदा ऐकला, दुसऱ्यांदा ऐकला आणि इतकी हसली, इतकी हसली की कठड्याला टेकून खाली बसली. रडारड बघून मागं फिरलेल्या आफशीननं ऐकला, निवृत्त फौजदारांनी ऐकला, सगळा पिवळा जथा पोट धरून हसायला लागला. ज्ञानूही हसला, पण थोडं रडून झाल्यावर.

त्याच्याच फोनवरनं तिनं आक्कांना लावला. उशीखाली वाजून वाजून बंद झाला. नवऱ्याला लावला. उचलला नाही. मग तिनं त्याच ग्रुपवर स्वतःच्या आवाजात खुलासा टाकला : "मी वर्षाराणी बोलतेय. मी घर सोडलेलं न्हाय. ही मुलींच्या शाळेसाठी काढलेली सायकल फेरी हाय. सगळं ठीक हाय." दम लागला होता, त्यात हसू आवरत नव्हतं, त्यामुळे आवाज थोडा कापत होता.

लगेच आकाराममामांचं उत्तर आलं. "कुणीतरी शेजारी हुबं ऱ्हाऊन बोलून घेतलंय. आवाज बगा कसा थरथरतोय!"

पुन्हा हशा पिकला. पण हसता हसता वर्षाराणीचं बोट वर सरकलं आणि आक्कांच्या मेसेजखालची सकाळपासूनची उत्तरं तिच्या नजरेस पडली. हात जोडलेले, डोळे पुसणारे चेहरे. मध्येच एका मावशीचा गुलाबाच्या फुलाचा शुभ सकाळचा फोटो. आणि बाकीची वाक्यं. 'वाटलंच होतं.' 'किती दिवस सोसणार बिचारी.' 'धैर्यशीलला फोन लावा कुणीतरी.' 'शांत माणसं एक दिवस अशीच जातात.'

तिनं फोन ज्ञानूला दिला. "चला," म्हणाली. "बारा वाजायला नकोत."

बिद्री मागं पडली. पुढचे सगळे बोलत, हसत चालले होते. वर्षाराणी मागं एकटी. दोन्ही बाजूंना ऊस, काही तोडलेला, काही उभा. तिच्या मनात ती उत्तरं चाकासारखी फिरत होती. एवढी माणसं, दोन्हीकडची. त्यातल्या एकानंही 'शक्य नाही' असं लिहिलं नव्हतं. एकालाही वाटलं नव्हतं की वर्षाराणी असं करणार नाही, हिच्या घरी असं काही नाही. सगळ्यांना एका झटक्यात पटलं! का पटलं?

तसं बघितलं तर धैर्यशील वाईट माणूस नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाजसुद्धा चढवत नाही. सणाला साडी आणतो, रंग तिला न शोभणारा, पण आणतो. मग लोकांनी तिच्या तोंडावर काय वाचलं होतं? लग्नकार्यात ती हसायची, वाढायची, फोटोत उभी राहायची. आणि ही माणसं तिकडून बघून गप्प बसायची? कुणी कधी विचारलं नाही. आज विचारायला आली, तेव्हा ती नेमकी कधी नव्हे इतकी आनंदात होती!

आणि सकाळी फाटक लावताना झालेला तो आनंद? त्याचं काय नाव? हा प्रश्न पडला तेव्हा तिचं पायडल चुकलं आणि नडगीवर बसलं. तिनं शिव्या दिल्या त्या पायडलला.

मुदाळ तिट्ट्यावर, तीन रस्ते फुटतात तिथं, चिमणाकाकी उभ्या होत्या.

या चिमणाकाकी म्हणजे धैर्यशीलरावांच्या चुलती. बाई अशी की नुसत्या नजरेनं वाड्यावस्त्यांवरच्या सुना डोक्यावरचा पदर चाचपायच्या. वर्षाराणीचं लग्न झालं त्या वर्षी तिनं भाकरी थापताना गाणं गुणगुणलं, म्हणून या बाईनं तिला भर पंगतीत सुनावलं होतं. आता पंचाहत्तरी पार, पाठीत बाक, काखेत फडक्याचं गठुडं. वर्षाराणीनं हेल्मेट चाचपलं. मामा परवडले, ज्ञानू परवडला!

"हिकडं ये," काकी म्हणाल्या आणि पिवळी मंडळी रस प्यायला थांबली होती त्या रसवंतीच्या मागं तिला सावलीत घेऊन गेल्या. "नातवानं फोन ऐकवला मला."

"काकी, ते तसं न्हाय..."

"आदी माजं ऐक. मी तुला थांबवाय न्हाय आलो." काकींनी गठुडं तिच्या हातात दिलं. गरम होतं. "भाकऱ्या हाईत, खर्डा हाय, शेंगांची चटणी हाय. दोन दीस ऱ्हातील. जा तू. मागं बगू नगं."

वर्षाराणीनं गठुड्याची गाठ आवळली.

"मी बी एकदा निघालो हुतो," काकी रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "थोरला पोटात हुता. हितंच हुबा हुतो. तवा हितं काय नव्हतं, एक बाभळ हुती. सकाळपासनं हुबा ऱ्हायलो, पर एसटीच आली न्हाय. पंक्चर झाली का काय झालं कुणाला ठाव. भूक लागली, मग परत गेलो. घरात कुणाला कळलं बी न्हाय. म्हनले, आज रानात लई उशीर लागला तुला."

चरकाचा आवाज येत होता. उसाचा रस गाळून गिऱ्हाइकांना चालला होता. वर्षाराणीनं गठुडं छातीशी धरलं. इतकी वर्षं ही बाई सगळ्यांच्या पदरांवर नजर ठेवून होती, आणि तिच्या आत एक बाई याच तिट्ट्यावर एसटीची वाट बघत उभी होती.

खोटं बोलणं सोपं होतं. 'बरं काकी' म्हणून निघून जायचं. पण वर्षाराणीच्यानं ते झालं नाही.

"काकी," ती हळू म्हणाली, "मी घर सोडून न्हाय चाललो. पोरींच्या शाळेसाठी फेरी हाय ही. जो मागं पडंल, त्याला ती शिट्टीवाली पोरगी टेम्पोत बसवती. चार दिवसांनी परत जाणार."

काकींनी तिच्याकडं बघितलं. मग पिवळ्या टीशर्टांकडं. मग पुन्हा तिच्याकडं. "म्हंजे परत जानार तू?"

"व्हय."

"त्या धैर्याकडंच?"

"व्हय की."

काकींचा चेहरा असा पडला की वर्षाराणीला स्वतःचीच लाज वाटली. जणू परीक्षेला बसवलेली पोरगी पेपर न देताच घरी आली होती! काकींचा हात गठुड्याकडं आला, क्षणभर घोटाळला आणि परत फिरला.

"आसू दे," त्या म्हणाल्या. "केल्यात तर खा. पर आता एवडी निघालीस, तर गोवा तरी बगून ये नीट. मधनंच माघारी येऊ नगंस."

"न्हाय येत, काकी."

"आणि त्या टेम्पूत बसू नगंस! कोन त्या बयेची शिट्टी वाजली म्हनून लगीच बसायचं न्हाय!"

वर्षाराणी सायकलवर बसली. वळून बघितलं तर काकी तिट्ट्यावर उभ्याच होत्या, डोळ्यांवर हात धरून.

कूरच्या अलीकडं एका चिंचेखाली आफशीननं पाण्यासाठी सगळ्यांना थांबवलं होतं. वर्षाराणी येऊन पोचली, बाटली तोंडाला लावली आणि मागनं एक स्कूटर आली. पायडलवाल्या सायकलींच्या गर्दीत घुसली, गचकन थांबली आणि तिच्यावरनं धैर्यशीलराव उतरले.

वरती पेढीवर घालायचा पांढराशुभ्र शर्ट, खाली घरातला चौकड्यांचा पायजमा. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आक्कांची. हेल्मेट काढायचं भान नव्हतं. हातात एक पिशवी, आणि पिशवीत तिचा स्वेटर.

"वर्षा," ते म्हणाले. हेल्मेटच्या काचेमुळं आवाज हौदातनं आल्यासारखा आला. "मला बोलू दे."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस 'मला बोलू दे' म्हणत होता. वर्षाराणीच्या तोंडातलं पाणी तसंच राहिलं.

"सकाळपासनं सगळ्यांचे फोन यायला लागल्यात. मामा म्हणाले, काय केलंस तिला? ज्ञानू म्हणाला, काय केलं दाजी तुम्ही? मी म्हटलं, काय न्हाय केलं. खरंच काय न्हाय केलं. मग फ्रीज उघडला. चार दिवसांच्या भाज्या भरून ठेवल्यात तू. डब्यांवर चिकटपट्टी लावून वार लिहिल्यात. तवा मला कळलं, ही परत यायची न्हाय. अशी शहाणी बाई भांडून जात न्हाय. डबे भरून जाती."

 वकिलांच्या हातातली चिक्की अर्ध्यावर थांबली होती.

"स्कूटरवर येताना मामांचा प्रश्न डोस्क्यातनं जाईना. काय केलंस तिला? आणि उत्तरं यायला लागली. कळंब्यात एक, इस्पुर्लीत दुसरं. तुझी आई गेली, तेराव्या दिवशी मी दुपारी पेढी उघडली. गिऱ्हाइकं काय म्हणतील याचा विचार केला, तू काय म्हणशील याचा न्हाय केला. मोनाला विमानात बसवून आलो, तू न्हाणीघरात नळ सोडून बसलीस. मला ऐकू आलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मला सुचंना काय बोलावं. न्हाय सुचलं, की मी पेपर धरतो. त्यात वाचत कायबी न्हाय."

वर्षाराणीनं पाणी गिळलं. आता थांबवायला हवं होतं. एक वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य तिनं मुद्दाम आतच ठेवलं. हँडल घट्ट धरून ती ऐकत राहिली. तेवढ्यापुरती ती खरंच घर सोडून निघालेली बाई होती, आणि कुणीतरी तिला परत न्यायला आलं होतं. ते तिला सोडवेना.

शेवटी आफशीनलाच राहवेना. "काका," ती कधी नव्हे ते हळू बोलली, "ही शाळेच्या मुलींसाठी सायकल फेरी हाय. रविवारी काकी परत येणार हाईत."

धैर्यशीलरावांनी हेल्मेटची काच वर केली. "कसली फेरी?"

"सायकलची! गोव्यापर्यंत!"

ते वर्षाराणीकडं वळले. "तू... परत येणार हुतीस?"

"मी तीन महिने सांगतोय तुम्हाला," वर्षाराणी म्हणाली.

"कवा?"

"तुम्ही पेपर धरला हुता तवा."

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग चिंचेखाली जो हशा उसळला त्यानं वरचे कावळे उडाले! धैर्यशीलराव आधी लाल झाले, मग स्वतःच्या पायांकडं बघितलं, आक्कांची चप्पल दिसली, आणि तेही हसायला लागले. वर्षाराणी हसली नाही. तिनं पिशवीतनं स्वेटर काढला, भर उन्हात अंगावर चढवला आणि डोळे पुसायला त्याची बाही वापरली.

गारगोटीला सगळे पोचले तेव्हा बारा केव्हाच टळून गेले होते. टेम्पोत बसवायचं तर सगळ्यांनाच बसवावं लागलं असतं, आफशीनसकट! तिनं शिट्टी तोंडाला लावली, विचार केला आणि परत टीशर्टात टाकली. चिमणाकाकींच्या भाकऱ्या सगळ्यांनी वाटून खाल्ल्या. खर्डा इतका जहाल होता की निवृत्त फौजदारांनीही कान धरले.

धैर्यशीलराव परत गेले नाहीत. "आजऱ्यापर्यंत येतो," म्हणाले आणि स्कूटर वर्षाराणीच्या मागं, सायकलच्या वेगानं चालवू लागले. आणि बोलू लागले! पंपाचे भाव, भाडेकरूची कटकट, लग्नाआधी तिला बघायला आले तेव्हा तिच्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडंच कसे बघत बसले होते. पंचवीस वर्षांचा साठा! पण बोलायला मुहूर्त गाठला तो नेमका चढाचा. वर्षाराणीचा श्वास भात्यासारखा चाललेला, कानांत रक्ताचे ठोके, निम्मं बोलणं वाऱ्यावर. "थांबा की जरा," ती धापा टाकत म्हणाली, "वर गेल्यावर सांगा!" वर गेल्यावर ते म्हणाले, "काय सांगत हुतो गं मी?"

दिवस कलला तेव्हा आजरा आलं. वर्षाराणी सगळ्यात शेवटी पोचली, पण पायडल मारत पोचली. उतरल्यावर पाय आपले आहेत की शाळेच्या बाकाचे, हे तिला कळेना. चौकात चहा झाला. आक्कांचा फोन एकदाचा लागला. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. "मेला त्यो ग्रुप! पोहे खाल्लंस का पर?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तुम्ही निघा आता," वर्षाराणी नवऱ्याला म्हणाली. "आक्का एकट्या हाईत. अंधार पडायच्या आत उत्तूर तरी गाठा. हे बघा, ह्या चौकातनं डावीकडं वळायचं, आलो तोच रस्ता. सरळ जायचं न्हाय, सरळ गेलासा की आंबोली. कळलं?"

धैर्यशीलराव तिच्याकडं एकटक बघत होते. पेपर नाही, फोन नाही, नजर सरळ तिच्या तोंडावर. तिचे उन्हानं रापलेले गाल, कपाळावर हेल्मेटचा उमटलेला वळ. इतक्या लक्षपूर्वक त्यांनी तिच्याकडं कधीच बघितलं नव्हतं.

"कळलं," ते म्हणाले. स्कूटरला किक मारली, हात हलवला आणि सुसाट सरळ निघाले.

"अहो! अहो, तिकडं न्हाय! डावीकडं!"

हेल्मेटमध्ये काय ऐकू येणार! स्कूटर आंबोलीच्या रस्त्याला लागली. वर्षाराणीनं चहाचा कप खाली ठेवला, सायकलवर टांग टाकली आणि लाकडाच्या पायांनी मागं सुटली. वाजणारे गुडघे, उडणारा स्वेटर, "अहो थांबा की!" अशी आरोळी. सगळा चौक बघायला लागला.

टपरीवरचा एक म्हातारा बिडी बाजूला करून ओरडला, "ओ ताई! पावणं सोडून चाललं व्हय तुमाला?"

"छ्या ओ!" वर्षाराणी न थांबता ओरडली. "आत्ता कुठं बोलायला लागल्यात! असं कसं जाऊ द्यायचं?"